जी.ए., ताई आणि एक पेन्सिल

आमच्या ताईचे घर धरमपेठेत, लक्ष्मीभुवन चौकापासून चालत पाच मिनिटांच्या अंतरावर. २०२३ च्या उन्हाळ्यात मी तिथे अडीच महिने मुक्कामाला होते. मधुमेहाने ताईची नजर जवळजवळ गेलेली, त्यात मांडीचे हाड मोडून ती अंथरुणाला खिळलेली. नागपूरचा मे महिना म्हणजे काय, हे नागपूरकरांना सांगायला नको आणि इतरांना सांगून कळायचे नाही. सकाळी दहालाच खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलरची अखंड घरघर आणि त्या अर्ध्या उजेडात भिंतीकडे तोंड करून पडलेली ताई. मला बोलावले होते ते तिला वाचून दाखवायला. मी पस्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवलेले, तेव्हा वाचून दाखवण्याचे काम धाकट्या बहिणीकडे येणे साहजिकच होते.

भाचेसुनेने उशाशी पुस्तकांची चळत लावून ठेवली होती. थोडे विनोदी, थोडे संतचरित्र, एक प्रवासवर्णन. ताईला त्यातले काही नको होते. तिला जी.ए. कुलकर्णी हवे होते, आणि तेही पहिल्या संग्रहापासून. घरात कुरकुर झाली. आजारी माणसाच्या खोलीत ती मरणाची आणि अंधाराची पुस्तके कशाला, असे भाचेसुनेचे म्हणणे. खरे सांगायचे तर माझेही मत तेच होते. माझे यजमान गेल्यावर मी जी.एं.ची पुस्तके कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली होती, ती दहा वर्षे खाली काढली नव्हती. पण ताई हट्टी. १० जुलैला जी.एं.च्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण होतात, तोवर आपण सगळे वाचून संपवायचे, असे तिने जाहीर करून टाकले.

गुरुनाथ आबाजी कुलकर्णी यांचा जन्म १० जुलै १९२३ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचा. शिक्षण बेळगावात झाले. या भागाची एक गंमत आहे, आणि ती आपल्या नागपूरकरांना इतरांपेक्षा लवकर समजेल. आपण घरात मराठी बोलतो आणि उंबरठा ओलांडला की हिंदी. बेळगावात घरात मराठी, बाजारात कानडी, जी.एं.च्या बाबतीत त्यावर इंग्रजी वाङ्मयाचा थर चढला. ज्याला एकच भाषा येते तो शब्द वापरतो, पण फारसा निरखून पाहत नाही. दोन-तीन भाषांत वावरणाऱ्याला मात्र प्रत्येक शब्द जरा परका वाटतो. तो हातात घेऊन त्याचे वजन पाहण्याची त्याला सवय लागते. जी.एं.ची मराठी वाचताना हे वजन करणे सतत जाणवते.

घरचे दिवस सुखाचे नव्हते. आईवडील लवकर गेले. पुढे बहिणीही गेल्या. एका घरातली माणसे एकामागून एक उठून जावीत तसे हे मृत्यू झाले. पुढे धारवाडला जनता कॉलेजात, म्हणजे नंतरच्या जे.एस.एस. कॉलेजात, त्यांनी जवळजवळ तीस वर्षे इंग्रजी शिकवले. लग्न केले नाही. मावसबहिणी प्रभावती आणि नंदा यांच्यासह त्यांनी तिथे संसार मांडला. घरात ते बाबुआण्णा होते. संध्याकाळी क्लबात पत्ते, घरी पुस्तके, अधूनमधून चित्रे काढणे. सभा, सत्कार, हारतुरे यांपासून ते कटाक्षाने दूर राहिले. त्यांचे जे छायाचित्र आपल्याला माहीत आहे त्यात डोळ्यांवर काळा चष्मा आहे. त्या चष्म्याने त्यांच्याबद्दल जेवढा गूढपणा पसरवला, तेवढा त्यांच्या कथांनीही पसरवला नसेल. पत्रांत मात्र हाच माणूस भरभरून बोलायचा. सुनीता देशपांडे यांना लिहिलेली त्यांची पत्रे पुढे पुस्तकरूपाने आली, तेव्हा अनेकांना धक्काच बसला. चष्म्याआडचा माणूस थट्टेखोर होता, वाचनवेडा होता आणि चांगलाच गप्पिष्ट होता.

आता इथे सगळे जण एक सोपा हिशेब मांडतात. घरात इतके मृत्यू, म्हणून कथांत इतका काळोख. मीसुद्धा वर्गात हेच शिकवत आले. परीक्षेत कथेच्या प्रश्नाला वातावरणनिर्मिती असा एक मुद्दा असतो; त्याखाली मुलांनी भयाण, उदास, गूढ, भकास असे चार शब्द लिहिले की मी गुण देत असे. ताईला वाचून दाखवायला लागले तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले, की हे चार शब्द जी.एं.च्या पानांवर सहसा सापडतच नाहीत. उदास वाटते ते वाचणाऱ्याला. पानावर असतात एखादा कोनाडा, विझत आलेला दिवा, तारेवर वाळणारे लुगडे, पाण्याचा रिकामा हंडा.

पहिल्याच आठवड्यात ताईने मला मध्येच थांबवायला सुरुवात केली. एखाद्या शब्दाशी थांबवून ती तो पुन्हा वाचायला लावायची. मग आम्ही त्याच्या जागी दुसरा शब्द घालून पाहायचो. दोन म्हाताऱ्या बायकांचा हा खेळ भाचेसुनेला विचित्र वाटत असे. एका दुपारी आम्ही नुसत्या संध्याकाळीवर बसलो. संध्याकाळ म्हटले की घड्याळातली वेळ कळते, बस. दिवेलागण म्हटले की घर भरलेले वाटते. कोणीतरी वात पेटवते आहे, मुले परवचा म्हणत आहेत. तिन्हीसांजा म्हटले की लगेच दारात उभे राहू नको, केस विंचरू नको अशी आईची ताकीद ऐकू येते. आणि कातरवेळ म्हटले की घरात कोणी नाही, किंवा जो यायचा तो अजून आलेला नाही. आकाशाचा रंग चारही वेळा एकच आहे. कथाकार यांतला एक शब्द निवडतो तेव्हा त्याने पुढच्या दहा पानांचे हवामान ठरवलेले असते, आणि आपण कथा वाचतो आहोत अशा समजुतीत बेसावध असतो.

जी.एं.नी हे हवामान पुस्तकाच्या नावापासूनच सुरू केले. १९५९ चा ‘निळासावळा’, मग ‘पारवा’, ‘हिरवे रावे’, १९६६ चा ‘रक्तचंदन’, १९७२ चा ‘काजळमाया’, १९७५ चे ‘सांजशकुन’ आणि ‘रमलखुणा’, आणि १९७७ चा ‘पिंगळावेळ’. ही यादी ताईला तोंडपाठ होती. तिने मला त्यातली रंगांची गंमत दाखवली. निळासावळा म्हटले की विठोबा आठवतो. पारवा हा रंगही आहे आणि ओसाड वाड्यात घुमणारा पक्षीही. रक्तचंदन नुसते लाल नाही. ते सहाणेवर उगाळून सुजेवर लावायचे, म्हणजे त्या शब्दात आधीच ठणका आहे आणि त्यावरचा उतारही. काजळमायेवर तर आमची एक अख्खी सकाळ गेली. काजळ डोळ्यांत घालायचे, दृष्ट लागू नये म्हणून गालावर लावायचे, आणि दिव्याच्या काचेवर धरते तीही काजळीच. माया म्हणजे जीव लावणे आणि माया म्हणजे भूल. ताईने आयुष्यभर शिवणकाम केले, म्हणून तिला तिसरा अर्थही सुचला: कापड बेतताना शिवणीसाठी जी जास्तीची कडा सोडतात, तिलाही मायाच म्हणतात. जी.एं.च्या मनात ती होती की नाही देव जाणे. पण शब्द असा भरलेला निवडला की ज्याला जे घ्यायचे ते तो घेतो.

नावे पुढे पुढे बदलत गेली, हेही तिनेच दाखवले. आधी रंग, नंतर शकुन. रमल म्हणजे फासे टाकून भविष्य पाहण्याची विद्या. पिंगळा हे छोटे घुबड, ज्याच्या ओरडण्यावरून बरे-वाईट ठरवतात. आणि पिंगळा म्हणजे पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन दारोदार भविष्य सांगत फिरणारा भिक्षेकरीही. त्याची वेळ म्हणजे रात्र संपलेली नाही आणि सकाळ झालेली नाही अशी. लहानपणी अंथरुणात ऐकलेला तो आवाज ज्यांना आठवतो, त्यांना या नावाचा वेगळा खुलासा लागत नाही. ज्यांना आठवत नाही, अशा आजच्या मुलांना तो शब्द नुसता गोड वाटेल, आणि त्याला इलाज नाही.

शब्दाचे वजन करण्याची त्यांची सवय सर्वांत स्वच्छ दिसते ती अनुवादांत. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराची पाच पुस्तके जी.एं.नी मराठीत आणली. ओहायोच्या जंगलात जाऊन राहिलेल्या एका कुटुंबाची तीन पिढ्यांची गोष्ट त्यांतल्या तीन पुस्तकांत आहे. मूळ नावे द ट्रीज, द फील्ड्स आणि द टाउन. माझ्यासारखीने बिनदिक्कत झाडे, शेते आणि शहर असे करून टाकले असते. जी.एं.नी केले ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’. झाडे मोजता येतात. रान माणसाला गिळते. शेत एकाच्या मालकीचे असते. शिवार म्हटले की बांधापलीकडचे शेजारीही आले, म्हणजे माणसे येऊन वसली आहेत हे त्या एका शब्दात कळते. तीन साधे शब्द, एकही भरजरी नाही, आणि जंगल तोडून वस्ती होण्याची सगळी हकीकत त्यांत बसली.

उपमांबाबत मात्र ताईचे आणि माझे भांडण होत असे. माझे म्हणणे, सुरुवातीच्या संग्रहांत उपमा फार होतात. एक प्रतिमा मनात उतरते न उतरते तोच दुसरी येऊन तिच्या अंगावर बसते. लग्नघरातल्या दागिन्यांसारखे होते, कोणता पाहावा कळत नाही. मोठ्याने वाचताना तर दम लागतो. ताईला हे पटत नसे. ती म्हणे, उपमा किती आहेत ते मोजू नकोस, त्या कुठून आणल्या ते पाहा. मग मी पाहायला लागले. खेड्यातल्या गरीब बाईची कथा असेल तर उपमा तिच्या चुलीतून, गोठ्यातून, फाटक्या पदरातून येतात. तिने कधी समुद्र पाहिला नसेल तर तिच्या दुःखाला समुद्र म्हणायचे नाही, हे पथ्य जी.ए. बहुधा पाळतात. त्यामुळे ती उपमा लेखकाची न वाटता त्या बाईची वाटते. एवढे मी कबूल केले. पण दागिने फार होतात हे माझे मत कायम आहे.

आपल्या नागपूरचे वामन चोरघडे मला या बाबतीत अधिक जवळचे. १९७९ च्या चंद्रपूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या कथेत ऊन कोवळे असते आणि माणसे हळू बोलतात. चोरघड्यांची कथा वाचून झाल्यावर घरातल्या सगळ्यांना चहा करून द्यावासा वाटतो. जी.एं.ची वाचून झाल्यावर आपण थोडा वेळ कोणाशीच बोलत नाही. दोघांनाही मराठी तीच मिळाली होती.

१९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार ‘काजळमाया’ला मिळाला. पुस्तक नेमके कधी प्रकाशित झाले, ते नियमात बसते की नाही, असा तांत्रिक वाद कोणीतरी उकरून काढला आणि जी.एं.नी पुरस्कार परत करून टाकला. ना पत्रकबाजी, ना सभा. ही हकीकत ताईला फार आवडे. मी तिला म्हटले, की एकेका शब्दाचा हिशेब ठेवणाऱ्याला तारखेचा घोळ सहन झाला नसेल. ती हसली. आजारपणात ती हसली असे प्रसंग मला आठवतात, कारण ते फार नव्हते.

जून उजाडला तरी पावसाचा पत्ता नव्हता, आणि आम्ही ‘पिंगळावेळ’पर्यंत आलो. त्यात ‘स्वामी’ नावाची कथा आहे. आडवाटेला अडकलेल्या एका वाटसरूला एका मठात नेतात आणि मग बाहेर पडू देत नाहीत. कोणी त्याला मारत नाही, कोणी त्याचा अपमान करत नाही. उलट स्वामी म्हणून मान देतात, आणि त्या मानासकट त्याला एका बंद खोलीत कायमचे ठेवून देतात. त्या खोलीत तो एक वेल वाढवतो आणि वेल वरच्या झरोक्याकडे चढू लागतो.

ही कथा पुढे दिसताच मी पाने उलटली. अंथरुणावरून उठता न येणाऱ्या, डोळ्यांनी न दिसणाऱ्या, पडदे ओढलेल्या खोलीत महिना-महिना पडून राहिलेल्या आणि घरातल्या सगळ्यांकडून अतिशय प्रेमाने, वेळच्या वेळी जेवूखाऊ घातल्या जाणाऱ्या माझ्या बहिणीला ही कथा वाचून दाखवायची माझी हिंमत नव्हती. मी सरळ पुढची सुरू केली. पण ताईला क्रम पाठ होता. तिने माझी चोरी पकडली. त्या दिवशी ती माझ्यावर रागावली, इतकी की संध्याकाळी चहा घेतला नाही. तिचे म्हणणे एवढेच होते, की काय झेपते आणि काय नाही ते सगळे तिच्या वतीने दुसरेच ठरवू लागले आहेत, निदान मी तरी तसे करू नये.

दुसऱ्या दिवशी मी ती कथा वाचली. दोन दुपारी लागल्या. वाचताना मला पहिल्यांदाच उमगले, की या कथेची भीती अंधाराच्या वर्णनात नाही. ती सौजन्याच्या शब्दांत आहे. माणसाला डांबणारे जेवढे अदबीने वागतात, तेवढा आपल्या मानेवरचा घाम वाढत जातो. इथे एखाद्या राक्षसी महंताने दरडावले असते तर कथा साधी झाली असती. कठोर गोष्ट मऊ शब्दांत सांगितली की ती दुप्पट कठोर होते. शेवटाकडे मात्र वेलाची पाने येतात आणि शब्दांची चालच बदलते. भाचेसून दारात उभी राहून ऐकत होती, हे मला नंतर कळले.

ताई रडली नाही. तिने विचारले, की मागच्या मोरीजवळची जाई अजून आहे का. होती, पण उन्हाने करपली होती. भाचेसुनेने त्या दिवसापासून तिला रोज संध्याकाळी दोन तांबे पाणी घालायला सुरुवात केली, आणि पलंग सरकवून खिडकीशी आणला. सकाळी सातपर्यंत खिडकी उघडी ठेवायची असेही ठरले. आजाऱ्याला ही पुस्तके नकोत, असे घरात पुन्हा कोणी म्हणाले नाही.

त्यानंतर ताईने स्वतःच फर्माईश बदलली आणि ‘बखर बिम्मची’ मागितली. जी.एं.चे हे पुस्तक ज्यांनी वाचलेले नाही त्यांनी घरातल्या लहान मुलाला मांडीवर घेऊन वाचावे. बिम्म नावाचा एक चिमुरडा, त्याची बहीण बब्बी आणि सगळे जग त्याच्या उंचीवरून पाहिलेले. आयुष्याच्या अखेरीच्या काळातले हे लेखन आहे. ज्याच्या नावावर काळोख खर्ची घातला जातो, त्या माणसाने म्हातारपणाच्या उंबरठ्यावर हे खेळकर पुस्तक लिहिले. मग मृत्यूंचा आणि काळोखाचा तो सोपा हिशेब कुठे राहिला? दुःख त्यांना नशिबाने मिळाले असेल. कोणत्या कथेसाठी कोणता शब्द घ्यायचा ते मात्र ते टेबलाशी बसून ठरवत होते. मी पस्तीस वर्षे मुलांना चुकीचे सांगितले, याची थोडी खंत त्या दुपारी वाटली.

अखेरची वर्षे जी.ए. पुण्यात होते. ११ डिसेंबर १९८७ रोजी ते गेले. चौसष्ट वर्षांचे होते. त्यांच्या मागे ‘माणसे: अरभाट आणि चिल्लर’ आणि आणखी काही संग्रह प्रसिद्ध झाले. २००० साली अमोल पालेकरांनी त्यांच्या ‘कैरी’ या कथेवर चित्रपट काढला. कथेतल्या मुलाची पडद्यावर मुलगी झाली. ताईने तो पाहिला होता आणि तिला तो आवडलाही होता, पण कथेतली कैरी अधिक आंबट आहे असे तिचे मत होते.

१० जुलैला आम्ही ‘सांजशकुन’मधल्या दोन छोट्या रूपककथा वाचल्या. सगळे संपवायचे राहूनच गेले. ‘रमलखुणा’तले ‘इस्किलार’ अर्ध्यावर आहे. त्याच पावसाळ्यात ताई गेली.

तिची पुस्तके भाचेसुनेने माझ्याकडे दिली. ‘काजळमाया’ची तिची प्रत जुनी, शिवण सुटलेली. ती उघडली तेव्हा आत पेन्सिलीच्या बारीक खुणा दिसल्या, कधीच्या तरी, डोळे धड असतानाच्या. मला वाटले होते, तिने सुंदर उपमांखाली रेघा मारल्या असतील. तसे नाही. रेघा आहेत त्या घरातल्या वस्तूंच्या नावांखाली, आणि काही ठिकाणी नुसत्या क्रियापदांखाली. एका पानावर एका शब्दाशेजारी तिने समासात दुसरा शब्द लिहून पाहिला आहे, आणि मग तो खोडून टाकला आहे.

भाचेसून आता माझ्याकडून एकेक पुस्तक वाचायला नेते. गेल्या रविवारी ‘पारवा’ नेले. जाईला फुले आली आहेत, असे सांगून गेली.